बी माय आईज अ‍ॅप की संस्था, आधी काय?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय, बाबांची नजर काचबिंदूने गेलीये, बी माय आईज हे दृष्टिहीनांना व्हिडिओ कॉलवर स्वयंसेवकाशी जोडून देणारं अ‍ॅप शिकवू, की पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनसारख्या दृष्टिहीनांसाठीच्या संस्थेत नेऊ?

पैशाचं बघाल तर अ‍ॅप फुकट, स्मार्टफोन आणि नेट हवं बस. संस्थेत जायला रिक्षाभाडं आणि सोबतीला कुणीतरी लागतं.

आता काम. अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागतो, स्वयंसेवक गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचून देतो आणि झालं की कॉल बंद, पुढच्या वेळी दुसराच माणूस. बँकेचं कार्ड, ओटीपी कॅमेऱ्यासमोर अजिबात धरू नका, आणि रस्ता ओलांडायला तर अ‍ॅपवर विसंबूच नका. पांढरी काठी कशी फिरवायची, फूटपाथची कड कशी चाचपायची हे कुणीतरी शेजारी उभं राहूनच शिकवावं लागतं. शिवाय संस्थेत तशीच नजर गेलेला दुसरा माणूस भेटला की जे घरच्यांशी बोलवत नाही ते तिथं बोललं जातं, आणि मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

बाबा दिवसभर घरी एकटे असतील आणि टॉकबॅक (फोनच्या पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय) जमत असेल तर अ‍ॅप आजच टाका. बाहेर पडणंच थांबलं असेल तर आधी संस्था, जायच्या आधी फोन करून सध्या काय शिकवतात ते विचारून घ्या.