लंडनचा शेवटचा दिवस: धावपळ की प्रिमरोझ हिल?

लातूरच्या भाचीचा लंडनहून मेसेज आला: "मामा, उद्या रात्री विमान. पायांचे तुकडे पडलेत, ज्वारीची भाकरी आठवतेय, तरी निघावंसं वाटत नाही. राहिलेलं उरकू की एकीकडे निवांत बसू?"

खर्च बघ. 'लंडन आय' या मोठ्या पाळण्याचं तिकीट महाग, वर रांग, आणि फेरी साधारण 30 मिनिटांची. ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, पण आंध्रातल्या अमरावती स्तूपाची शिल्पं धड बघायला सवड हवी. घाईत तिथे जाऊच नये.

प्रिमरोझ हिल ही टेकडी चढायला पैसा लागत नाही. माथ्यावरच्या गवतात बसलं की अख्खं शहर समोर. जवळच 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहून शिकले, आणि 1950 मध्ये त्यांनीच आपल्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. मराठवाड्यातल्या पोरीने ते घर बघितल्याशिवाय येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

दमणूक टेकडीवर कमीच. हुरहुर मात्र तिथे जास्त जाणवेल, जाणवू दे.

सोबत लहान मुलं असतील, परत येणं होणार नसेल, तर उरकून घ्यावं. तुझ्यासारखे पाय थकलेले नि जीव अडकलेला असेल, तर टेकडीच. बॅग सकाळीच भर, हीथ्रोला तीन तास आधी पोच.