आयएस नसलेली ४०० मिमी प्राइम लेन्स: आठएक महिन्यांच्या वापरानंतर

वाइल्डलाइफसाठी कमी बजेटमध्ये कुठली लेन्स घ्यावी, असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: १५०-६०० मिमीची झूम घे. सिग्माची कंटेम्पररी नाहीतर टॅमरॉनची जी२, आणि निकॉनवाला असशील तर २००-५००. उत्तरात खोट काही नाही. तरी मी घेतली ती कॅननची ईएफ ४०० मिमी एफ/५.६ एल, आणि तीही सेकंड-हँड. १९९३ सालची लेन्स. प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंथची, झूम नाही. आयएस, म्हणजे हाताचा कंप सावरणारी यंत्रणा, तीही नाही. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी वेड्यात काढलं. कॅननच्याच ७डी मार्क टू बॉडीवर आता आठएक महिने झालेत, तेव्हा काय पटलं आणि काय खुपतंय ते एकदा लिहून टाकतो.

निर्णय वजनावर झाला. सिग्मा १९३० ग्रॅम, टॅमरॉन २०१०, निकॉन २३००. ही १२५०. बॉडी धरून सगळा संच २२०० ग्रॅमच्या आत बसतो. कागदावर पाऊण किलोचा फरक फार वाटत नाही, पण फांदीवरचा पक्षी कधी उडेल याची वाट बघत कॅमेरा डोळ्याला लावून उभं राहिलात की पहिल्या मिनिटातच कळतो. जड लेन्स आपण 'जरा टेकवू' म्हणून खाली घेतो आणि पक्षी नेमका तेव्हाच उडतो. शिवाय १५०-६०० झूम केली की पुढे लांब होते आणि सगळा भार तोंडाकडे जातो. ही साधारण २६ सेंटिमीटरची नळी, आहे तेवढीच राहते. आडवं ऊन अडवणारं हूड लेन्सलाच जोडलेलं आहे: पुढे ओढायचं, किंचित फिरवायचं की घट्ट बसतं. पिशवीत ठेवताना मागे ढकलायचं. वेगळं हूड उलटं लावा, सुलटं लावा ही भानगड नाही. ऐकायला किरकोळ वाटेल, पण ज्याला घाईत कॅमेरा बाहेर काढायचाय त्याला विचारा.

आता पल्ल्याचं. '४०० कमी पडत नाही का?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पडते. पण किती, याचा हिशोब करून बघा. २० सेंटिमीटरचा पक्षी २० मीटरवर बसलाय. ४०० मिमीने त्याची सेन्सरवरची प्रतिमा ४ मिलिमीटरची होते, ६०० ने ६ मिलिमीटरची. ७डी मार्क टू च्या पिक्सेलच्या हिशोबात अंदाजे पावणेदहाशे विरुद्ध साडेचौदाशे. हा फरक दिसतो, नाही म्हणत नाही. पण ४०० ने तेवढीच प्रतिमा हवी असेल तर २० मीटरऐवजी साधारण १३ मीटरवर असायला हवं. म्हणजे ६०० ची सगळी श्रीमंती या उदाहरणात सात मीटरांची आहे. पक्षी रोज कुठल्या फांदीवर येतो, ऊन कुठून पडतं, कुठे बसलं तर तो बिचकत नाही, हे माहीत असेल तर सात मीटर बऱ्याचदा आपणच भरून काढतो. मात्र गाडीतून उतरता येत नाही, लपणातून हलता येत नाही, किंवा प्राणी असा आहे की अंतर राखणंच शहाणपणाचं, तिथे हे गणित लागू नाही. तिथे ६००च हवी. प्राण्याला त्रास देऊन जवळ सरकायचं असेल तर फोटोच नको. आणि ज्यांना ५० मीटरवरची चिमुकला फुलटोच्या पक्षी फ्रेमभर हवा असतो, त्यांचं समाधान कुठल्याच बजेट लेन्सने होणार नाही. दुपारच्या उन्हात तर तापलेल्या हवेच्या लहरींतून हजार मिमीनेही फोटोचं धूसर लोणीच येतं.

या लेन्सचं खरं घर म्हणजे आकाश. उडत्या पक्ष्यासाठी शटर तसाही १/१६०० किंवा १/२००० ठेवावा लागतो, तिथे आयएस असला काय, नसला काय. फोकस लिमिटर ८.५ मीटर ते अनंत यावर टाकायचा, म्हणजे ऑटोफोकस जवळच्या गवतात शोधत बसत नाही. बगळा उठतो तेव्हा आधी पाय लोंबतात, मान बाहेर असते, दोन-तीन पंख मारल्यावर मान आत घेतो. तेवढ्या वेळात लेन्स डोळ्याला लागून फोकस बसलेला असला पाहिजे, आणि बसतो. घिरट्या घालणारी घार तर सरावाला उत्तम. आणि एफ/५.६ लाच शार्प आहे, अॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) सगळं उघडं ठेवून बिनधास्त वापरतो. बजेट झूमवाले बरेच जण ६०० च्या टोकाला एफ/८ वर जातात. कागदावरचा हिच्या ५.६ आणि झूमच्या ६.३ मधला एक-तृतीयांश स्टॉप मग प्रत्यक्षात पूर्ण स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, होतो.

आता दुखणं. संध्याकाळ. सूर्य गेला, हरणं झाडीतून बाहेर आली, आणि नेमकी तेव्हा ही लेन्स हात वर करते. ७डी मार्क टू सारख्या लहान सेन्सरच्या (क्रॉप) बॉडीवर १/६४० च्या खाली हातात धरून काढणं म्हणजे जुगार. तो शटर राखायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटोत दाणे येतात) ६४०० कडे धावतो, आणि ७डी मार्क टू त्या आकड्याला काय करते हे वापरणाऱ्यांना सांगायला नको. आयएसवाला शेजारी त्याच स्थिर उभ्या हरणाचा फोटो १/१२५ ला काढून मोकळा होतो. उपाय आहेत: मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), गाडीच्या खिडकीवर बीनबॅग, नाहीतर जमिनीवर बसून दोन्ही कोपरं गुडघ्यांवर. सलग चार-पाच फोटोंचा बर्स्ट मारला की पहिला बटण दाबण्याच्या धक्क्याने हलतो, मधला एखादा हाती लागतो. पण हे उपाय म्हणजे उपायच. ज्याचं निम्मं काम पहाटे-संध्याकाळच्या सस्तन प्राण्यांचं आहे, त्याने या लेन्सच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्वतःची लेन्स असूनही सांगतो.

दुसरी अडचण जवळची. कमीत कमी फोकस अंतर ३.५ मीटर. फुलपाखरं, चतुर, सरडे विसरा. लपणात बसलात आणि खंड्या अगदी समोरच्या काठीवर आला, तर आनंदही होतो आणि चिडचिडही. एक्स्टेन्शन ट्यूब (बॉडी आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ नळी) लावली की जवळ जाता येतं, पण मग लांबचा फोकस जातो, आणि ट्यूब काढेपर्यंत समोरचं नाटक संपलेलं असतं. तिसरी गोष्ट, ही वेदर-सील्ड नाही, म्हणजे पाणी-धूळ रोखणारी नाही. पाऊस आला की झाकायची.

लेन्सचा पल्ला १.४ पट करणारा १.४एक्स कन्व्हर्टर लावून पाहिला. ५६० मिमी एफ/८ होतं, आणि ७डी मार्क टू वर तेव्हा फक्त मधला ऑटोफोकस पॉइंट चालतो. बसलेल्या पक्ष्याला भरपूर उजेडात ठीक. उडत्याला नाही. मी तो बहुतेक वेळा पिशवीतच ठेवतो.

कॅननची मिररलेस आर सिरीज आधीच हातात असेल तर आधी आरएफ १००-४०० एफ/५.६-८ बघा. ६३५ ग्रॅम, आयएस आहे. टोकाला एफ/८ हा तिचा तोटा, पण वजन बघता माफ. आरएफ ६०० एफ/११ सुद्धा हलकी, ९३० ग्रॅम. अॅपर्चर मात्र एफ/११ वरच अडकलेलं, म्हणजे लख्ख उन्हाचीच सोबतीण. आर७ सारख्या बॉडीत स्टॅबिलायझेशन असल्याने अॅडॅप्टरने ही जुनी ४०० लावली तर थोडा आधार मिळतो. एवढ्या लांब फोकल लेंथला बॉडीतलं स्टॅबिलायझेशन लेन्समधल्या आयएसइतकं पुरत नाही, एवढं लक्षात ठेवा.

सेकंड-हँड घेणाऱ्यांसाठी थोडं. अंधारात टॉर्च मागून मारून पुढून बघा. जाळीसारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सौदा तिथेच संपला. धुळीचे चार कण असतील तर दुर्लक्ष करा, ते फोटोत दिसत नाहीत. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा नाही. ट्रायपॉडवर एफ/५.६ ला जवळचं, मधलं आणि लांबचं असे फोटो काढून मोठे करून बघा. फोकस सगळीकडे सारखाच पुढे-मागे पडत असेल तर बॉडीतल्या मायक्रोअॅडजस्टमेंटने सुधारतो, कधी पुढे कधी मागे होत असेल तर लेन्स परत करा. हूड सरकवून बघा, सैल पडलेलं असेल तर चालताना आपोआप मागे येतं. आणि ट्रायपॉड कॉलर (लेन्स स्टँडवर बसवायचं कडं) आहे ना ते विचारून घ्या. ती निघते, त्यामुळे जुन्या लेन्सबरोबर बरेचदा हरवलेली असते, आणि मग मोनोपॉड लावायची वेळ आली की सुटी कॉलर शोधत फिरावं लागतं.