टीव्हीवर फोटो दिसत होते, तरी म्हणे पोर्ट उडालं

घरातल्या नॅसला, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांच्या फायली ठेवणाऱ्या डिस्कच्या डब्याला, इंटरनेट मिळत नाही म्हणून कुणाला बोलावणार असाल, तर तो यायच्या आधी एक गोष्ट पाहून ठेवा. त्यातले फोटो घरच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसतात का? दिसत असतील तर नॅसचं लॅन पोर्ट, वायर, बोर्ड सगळं जिवंत आहे. मग समोरचा कितीही गंभीर चेहरा करून ‘बोर्ड गेलं’ म्हणो, डबा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. आमचा गेला, आणि परत आला तेव्हा त्यातली एक डिस्क आमची नव्हती.

आमचं घर मनीषनगरात, दुमजली. जाड भिंती, मध्ये स्लॅब, त्यामुळे एका राउटरचं वायफाय वरच्या खोल्यांत पोचत नसे. म्हणून तीन युनिटांचं मेश घेतलं, म्हणजे घरात जागोजागी ठेवून एकच वायफाय पसरवणारी उपकरणं. (एक युनिट खिडकीतल्या कूलरच्या आड ठेवलं होतं, ते कधी धड चाललं नाही. लोखंडी पत्रा आणि टाकीभर पाणी, दोन्ही सिग्नल खातात. उन्हाळा आला की नागपुरात अर्ध्या घरांचं वायफाय ‘खराब’ होतं त्यामागे हेही एक कारण असावं, असं माझं मत.) नॅस सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, दोन डिस्कचा. ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे आहे तेच दुसरीवर. घरातले सगळे फोटो, घराची रजिस्ट्री, सगळ्यांचे आधार आणि पॅन, बाबांच्या पेन्शनचे कागद, सारं त्यात स्कॅन करून ठेवलेलं.

मे महिन्यात इंटरनेटवाल्यांनी फायबरचा जुना बॉक्स काढून नवा लावला. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप सगळं लगेच सुरू झालं. नॅसचं मात्र बिनसलं. पुण्याला नणंदेला फोटो उघडेनात, अपडेट होईना, क्लाउडवरचा बॅकअप थांबला. घरातल्या टीव्हीवर मात्र जुन्या सहलींचे फोटो झकास दिसत होते.

मॅपवर शोधलं तर ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’ असं नाव, पत्ता नागपुरातल्या बर्डीचा, ढीगभर तारे. ते कौतुक नीट वाचलं असतं तर दिसलं असतं की जवळजवळ सगळं एकाच आठवड्यात लिहिलेलं आहे, आणि एकसारख्या हिंदीत. माणूस वेळेवर आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात नॅसच्या कंपनीचा लोगो छापलेलं ओळखपत्र.

त्याने जी परीक्षा करून दाखवली ती इतकी पटण्यासारखी होती, की ती सविस्तर सांगते. आधी त्याने नॅसचं पान उघडून दाखवलं: इंटरनेट जोडलेलं नाही. मग नॅसची लॅन वायर काढून तीच स्वतःच्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपवर इंटरनेट धावायला लागलं. “बघा मॅडम, वायर ठीक, मेश ठीक, लाइन ठीक. मग राहिलं काय? डबा. याचं पोर्ट उडालं आहे. उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होते ना, बोर्डच बदलावं लागते.”

यात खोट कुठे आहे? लॅपटॉप ज्या नेटवर्कमध्ये जातो तिथून आपला पत्ता, गेटवे आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) आपोआप उचलतो. नॅसला मात्र हे सगळं बरेच लोक हाताने भरून ठेवतात, पत्ता बदलू नये म्हणून. बाबांनीही भरलं होतं. जुन्या बॉक्सचा पत्ता होता १९२.१६८.१.१, नव्याचा १९२.१६८.१.२५४. गेटवे म्हणजे घराबाहेर पडायचं दार. नॅस जुन्या जागी दार शोधत होता आणि तिथे आता भिंत होती. घरातल्या घरात फिरायला दार लागत नाही, म्हणून टीव्हीवर फोटो दिसत होते. डीएनएसच्या रकान्यातही तोच जुना पत्ता. दोन आकडे बदलले की काम झालं असतं.

बाबा खुर्चीतूनच म्हणाले, “पण टीव्हीवर तर दिसून राहिलं ना. पोर्ट उडालं तर टीव्हीवर कसं दिसते?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर तयार होतं: “काकाजी, लोकलचं सर्किट वेगळं असते अन् इंटरनेटचं वेगळं.” असं काही नसतं. आमच्या नॅसला एकच लॅन पोर्ट आहे, टीव्हीचा फोटोही त्यातूनच जातो आणि पुण्याचाही. पण खोलीत लोगोवालं ओळखपत्र एकाच्याच गळ्यात होतं.

“डिस्क काढून घरी ठेवते,” मी म्हटलं. “नका मॅडम, डिस्कसकट टेस्ट करावं लागते, नाहीतर रेड फुटते.” हेही खोटं. नॅस नीट बंद करून दोन्ही डिस्क काढाव्यात, कोणती कोणत्या खाचेतली हे चिकटपट्टीवर लिहून ठेवावं. बोर्ड तपासायला तुमच्या डिस्कची गरज नसते. अ‍ॅडमिनचा पासवर्डही त्याने चिठ्ठीवर लिहून नेला. पावती साधी, डब्याचा मॉडेल नंबर लिहिलेला, डिस्कचा उल्लेखच नाही.

दुसऱ्या दिवशी फोन. बोर्ड ८,५०० रुपये, शिवाय आत व्हायरस सापडला, डेटा कधीही लॉक होऊ शकतो, ‘डेटा सेफ्टी’चे ६,००० वेगळे. सोबत डेडबोल्टची बातमी पाठवली. ती बातमी खरी आहे. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटला उघडे असलेले हजारो नॅस कुलूपबंद केले होते आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले होते. पण ते आलं की फायली उघडत नाहीत आणि पडद्यावर खंडणीची पाटी येते. आमचा डबा उचलला त्या सकाळी नातवाच्या बारशाचे फोटो टीव्हीवर चालू होते. खऱ्या बातमीचा असा उपयोग करणारा माणूस कच्चा नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

डबा आला, इंटरनेट चालू. व्हिजिटचे ५०० धरून १५,००० रुपये यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यावर.

हे इथेच मिटलं असतं. पण बाबा वीज खात्यात होते, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक वहीत उतरवायची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. फ्रिज, गॅसची शेगडी, आणि हो, दोन्ही डिस्क. डबा आल्यावर त्यांनी नॅसच्या स्टोरेजच्या पानावरचे क्रमांक वहीशी ताडून पाहिले. पहिला जुळला, दुसरा नाही.

मग आम्ही नॅसचा लॉग उघडला. प्रत्येक नॅसमध्ये हा असतो आणि कुणी वाचत नाही. तो पुसायचं त्या माणसालाही सुचलं नव्हतं. डबा नेला त्याच संध्याकाळची नोंद: गेटवे बदलला, डीएनएस बदलला. पुढच्याच मिनिटाला इंटरनेट जोडलं गेल्याची नोंद. बोर्डाचा मॅक अ‍ॅड्रेस (लॅन पोर्टाचा स्वतःचा ओळख क्रमांक) जुनाच, म्हणजे बोर्ड बदललंच नव्हतं. त्यानंतर: दुसरी डिस्क काढली, वेगळी घातली, पुनर्बांधणी (म्हणजे पहिल्या डिस्कची हिच्यावर नक्कल) सुरू, पुनर्बांधणी पूर्ण. शेवटी एक नवा वापरकर्ता, अ‍ॅडमिनच्या अधिकारांसह. आमच्या मूळ डिस्कचे चालू तास १७ हजारांच्या आसपास होते, म्हणजे साधारण दोन वर्षं, नॅस घेऊन तेवढाच काळ झाला होता. घातलेली डिस्क ४१ हजार तास चाललेली. कुठल्या तरी सीसीटीव्हीच्या डब्यात साडेचार-पाच वर्षं घासलेली असणार. तासांवरच विसंबू मात्र नका. हा आकडा मागे नेता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात तास शून्यावर आणलेल्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याची प्रकरणं उघड झाली होती. अनुक्रमांक आणि बिल, हाच धड पुरावा.

डिस्कच्या किमतीपेक्षा मोठी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. रेड १ मधली एक डिस्क म्हणजे अर्धा डेटा नव्हे, पूर्ण डेटा. आमची डिस्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आमची रजिस्ट्री, आधार, पॅन, सह्या, सगळं आहे. त्या रात्री घरातल्या सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, ते आधारच्या अ‍ॅपवरून फुकट होतं. बँकेत जाऊन सांगितलं. नॅसमधला तो नवा अ‍ॅडमिन काढला, पासवर्ड बदलले, दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं. फायबरच्या बॉक्समध्ये कुणी पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडून ठेवलंय का तेही पाहिलं. पुढची डिस्क टाकताना फोल्डर एन्क्रिप्ट केले. हे पहिल्या दिवशीच करायचं असतं.

तक्रारीचं म्हणाल तर पैसे यूपीआयने गेल्यामुळे १९३० वर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. डिस्कसाठी पोलीस ठाण्यात वेगळा अर्ज. वकिलांच्या मते फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि सोपवलेली वस्तू हडपल्याबद्दल ३१६ लागू शकतं. अर्जाला लॉगची पानं, बाबांच्या वहीचं पान, डिस्कचं मूळ बिल जोडलं. ठाण्यातल्या हवालदारांना रेड म्हणजे काय ते सांगायला वेळ लागला, पण वहीतला क्रमांक आणि पडद्यावरचा क्रमांक वेगळा आहे हे त्यांना पहिल्या नजरेत कळलं.

बिलाबद्दल एक सांगायलाच हवं. खूप भांडल्यावर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक ‘पक्कं बिल’ पाठवलं होतं, त्यावर जीएसटी क्रमांकही होता. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. त्याचा १४ अक्षरी होता. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की दुकानाचं नाव येतं, मिनिटभराचं काम आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तो मार्ग अजून मोकळा ठेवला आहे.

आता ज्यांचा नॅस आज असाच अडकला आहे त्यांच्यासाठी. मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे किंवा राउटर म्हणून जो पत्ता दिसतो, तोच नॅसमध्ये आहे का बघा. वेगळा असेल तर नॅस ‘आपोआप’वर टाका, आणि पत्ता कायम हवा असेल तर तो राउटरमध्ये राखून ठेवा. गेटवे बरोबर आणि तरी नाही, तर डीएनएसला १.१.१.१ किंवा ८.८.८.८ देऊन बघा. नॅसचं घड्याळ पाहा. तारीख चुकली असली की सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ताच मिळालेला नाही, वायर दुसऱ्या पोर्टात लावा. फायबरचा बॉक्स आणि मेश दोघंही राउटर बनून बसले असतील तर मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवेल. नॅस शक्यतो मेशच्या मुख्य युनिटला वायरने जोडा, वरच्या मजल्यावरच्या उपयुनिटला नको. एवढं करूनही अडलं, तर नॅसच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॅपवरून नव्हे, मदत मागा.

त्या माणसाचा नंबर आता बंद आहे. बर्डीतल्या त्या पत्त्यावर मोबाइल कव्हरचं दुकान निघालं, आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराकडे आमच्याआधीही लोक विचारत येऊन गेले होते. मॅपवरचं ते नाव आम्ही तक्रार करून काढायला लावलं. दुसऱ्या नावाचं सेंटर तिथे आलं आहे, फोटो तोच.