टंचाईची यादी आणि नवा पदवीधर : जर्मनी, ऑस्ट्रेलिया की ब्रिटन?

'तिकडे इंजिनिअर मिळत नाहीत, नर्स मिळत नाहीत, मग नोकरी कुठे जाते' असं धरून देश ठरवणारे विद्यार्थी पाहिले की मला काळजी वाटते. टंचाई खरी असते, पण ती बहुतेक वेळा अनुभव आणि परवाना हाती असलेल्यांची. अशा कामाची कुठलीही जाहिरात शेवटपर्यंत वाचा. वर पदवी, मधे 'तीन वर्षांचा अनुभव', तळाशी व्यावसायिक नोंदणी किंवा भाषेची पातळी. नवा पदवीधर त्या खालच्या दोन ओळींत अडकतो. म्हणून सरकारची टंचाईच्या व्यवसायांची यादी किती लांब आहे ते मोजत बसू नका. नुकती पदवी घेतलेल्याला तो देश काय सवलत देतो आणि ती किती दिवस टिकते, ते आधी बघा.

जर्मनीत शिकलात तर पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात आणि त्या काळात पोटापाण्यासाठी कुठलंही काम करता येतं. ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधर परदेशी कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या नोकरी-वास्तव्याच्या परवान्यासाठी, 2025 मध्ये वर्षाला 48,300 युरो पगार लागत होता, टंचाईच्या व्यवसायांना 43,759.80. गंमत पुढे आहे : पदवीला तीन वर्षं झाली नसतील, तर व्यवसाय यादीत नसला तरी हीच कमी मर्यादा लागू होते. म्हणजे सुरुवातीची तीन वर्षं पगाराच्या अटीपुरतं यादीवाचून तुमचं अडत नाही. पुढे बी1 (मध्यम) पातळीचं जर्मन येत असेल तर ब्लू कार्डवर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मागता येतं, ए1 (अगदी प्राथमिक) असेल तर 27. अडतं ते भाषेवर. सॉफ्टवेअरमध्ये काही ठिकाणी इंग्रजीवर निभावतं. वॉर्डात पेशंटशी बोलायचं किंवा साइटवर मुकादमाला सूचना द्यायची, तिथे निभावत नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र यादीला खरंच वजन आहे. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या 'कोअर स्किल्स' या टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत 456 व्यवसाय आहेत. या यादीवरून कंपनीमार्फत व्हिसा घ्यायचा तर त्याच कामाचा एक वर्षाचा अनुभव लागतो. तो कमवायला पदवीनंतरचा 485 व्हिसा आहे : बॅचलर्स किंवा नेहमीच्या मास्टर्सनंतर साधारण दोन वर्षं, वयाची मर्यादा सहसा 35. यातलं एक वर्ष दुकानाच्या काउंटरवर गेलं तर ते या हिशोबात धरत नाहीत, आणि हातात एकच वर्ष उरतं. नर्सिंगचं गणित इथे सोपं आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम तिथेच केला आणि इंग्रजीची अट पुरी केली, की नोंदणीची वाट सरळ असते.

ब्रिटनमध्ये पदवीनंतर राहून काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना 18 महिनेच मिळतील (पीएचडीला तीन वर्षं कायम). जुलै 2025 पासून कंपनीमार्फत मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारणपणे 41,700 पाउंड पगार लागतो. 'न्यू एंट्रंट' (कामाच्या क्षेत्रात नव्याने येणारा) म्हणून अर्ज केला तर ही मर्यादा 33,400 वर येते, किंवा त्या पदाच्या ठरलेल्या दराच्या 70 टक्के, यातला जो आकडा मोठा तो. पण ही सवलत एकूण चार वर्षांची आणि ग्रॅज्युएट व्हिसावरचा काळही त्यातच मोजतात. दोन वर्षं निवांत शोधाशोध केलीत, तर सवलतीच्या पगारावर दोनच वर्षं उरतात. पुढे कंपनीला पूर्ण पगार द्यावा लागतो.

माझं मत विचाराल तर नर्सिंगला ऑस्ट्रेलिया. इंजिनिअरिंगला जर्मनी, पण भाषेचा वर्ग पहिल्या सेमिस्टरपासून लावायची तयारी हवी. ब्रिटन तेव्हाच, जेव्हा तुमच्या क्षेत्रातल्या कंपन्या सरकारच्या परवानाधारक प्रायोजकांच्या, म्हणजे परदेशी कर्मचाऱ्याला व्हिसासाठी पाठबळ देऊ शकणाऱ्या कंपन्यांच्या, यादीत दिसतात. ती यादी सगळ्यांना खुली आहे. फी भरण्याआधी एक संध्याकाळ तिच्यासाठी काढा.