मागितली ‘पंजाब’, हाती आली दुसरीच बोट

माझे बाबा नेव्हल डॉकयार्डात सुतार होते. ३४ वर्षं नोकरी झाली. त्यांच्या पंच्याहत्तरीला मुंबईच्या गोदीत बांधलेल्या एखाद्या जुन्या जहाजाची प्रतिकृती द्यायची, असं मी ठरवलं होतं. त्यात माझे २१,५०० रुपये गेले. असं डिजिटल मॉडेल विकत घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर आधी हे वाचा.

जहाज मी विचार करून निवडलं होतं. ‘पंजाब’ ही १८५४ साली मुंबईत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली सागवानी युद्धनौका. वाफेवरही चालायची, शिडांवरही. तिची जोडीची नौका ‘असई’, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या, १८०३ च्या लढाईच्या असईचंच नाव. पुढे १८६३ मध्ये जॉन विलिस या लंडनच्या जहाजमालकाने दोन्ही विकत घेतल्या, ‘असई’ विकून टाकली आणि ‘पंजाब’मधली इंजिनं काढून तिचं नुसतं शिडाचं जहाज केलं, नाव ठेवलं ‘ट्वीड’. ते इतकं वेगवान निघालं, की त्याच मालकाच्या प्रसिद्ध ‘कटी सार्क’ या शिडाच्या जहाजाचा आकार त्यावरून सुचला असं सांगतात. बाबांना ही गोष्ट तोंडपाठ आहे.

ऑनलाइन शोधताना एका विक्रेत्याकडे ‘पंजाब’चं थ्रीडी मॉडेल, म्हणजे जिच्यावरून प्रतिकृती छापता येते अशी संगणकावरची फाइल, दिसलं. चित्रं फार सुंदर होती. लाटा फोडत चाललेलं जहाज, भरलेली शिडं, मधोमध धुराडं, दोन्ही बाजूंना पाणी मागे लोटणाऱ्या चाकांच्या मोठ्या गोल पेट्या. फोनवरचा माणूस अदबीने बोलायचा. मूळ नकाशे लंडनहून विकत घेतलेत, त्यावरून एकेक फळी बसवली आहे, म्हणाला. किंमत १८,०००, निम्मे आधी. मग ‘प्रिंटिंगच्या परवान्याचे’ म्हणून आणखी ३,५००. फाइल उघडून एकदा दाखवा म्हटलं, तर ‘मॅडम, चार जीबीची आहे, व्हिडिओ कॉलवर हँग होईल.’ मी तिथेच थांबायला हवं होतं. सगळे पैसे पोचल्यावर फाइल आली.

रात्री लॅपटॉपवर बाबांना दाखवली. मी जहाज फिरवत होते. ते आधी खूश झाले, शिडांच्या दोऱ्या बोटाने मोजू लागले. मग मागची बाजू खालून समोर आली आणि त्यांनी माझा हात धरला.

‘थांब गं. सुकाणूच्या पुढे हे भोक कसलं?’

पाण्याखाली, सुकाणूच्या अगदी पुढे, चौकटीसारखी उभी मोकळी जागा होती. तिथे जहाज पुढे ढकलणारा पंखा बसतो. ‘पंजाब’ला पंखा नव्हताच, ती चाकांवर चालायची. फाइलमध्ये लपवून ठेवलेले सगळे भाग मी एकदम दिसतील असं केलं, तर त्या भोकात दोन पात्यांचा पंखा उगवला. बाबा म्हणाले, ‘आता चाकाची पेटी काढून बघ.’ काढली. आत तोफांच्या खिडक्यांची रांग सलग पुढे गेलेली. चाकांच्या बोटीत मधल्या जागी तोफा ठेवताच येत नाहीत, समोर चाक असतं. १८४० नंतर आरमारं पंख्याकडे वळली त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा जहाजाच्या पोटातून आरपार जायला हवा. इथे पेट्या बाहेरून नुसत्या चिकटवल्या होत्या.

भागांची नावं बघितली. काही इंग्रजीत बदललेली, उरलेली भलत्याच भाषेत. सुकाणूचं नाव होतं ‘रोर’. तो डॅनिश शब्द निघाला. मग डेन्मार्कमधल्या एबेल्टॉफ्टच्या ड्राय डॉकमध्ये जपलेल्या ‘युलंड’चे फोटो उघडले. ती ओकच्या लाकडाची, ४४ तोफांची, १८६४ च्या हेल्गोलंडच्या लढाईत लढलेली फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका. शिडांवर जाताना तिचा पंखा वर खेचून घेता यायचा. मागच्या खिडक्या, तोफांच्या जागा, नाळेचा (पुढच्या टोकाचा) उतार, सगळं आमच्या ‘पंजाब’शी जुळलं. कुणीतरी कष्टाने केलेलं ‘युलंड’चं मॉडेल उचलून, त्यावर चाकं डकवून मला विकलं होतं. मला जास्त राग याचा आला. त्या मूळ कारागिराचंही काम चोरलं गेलं.

विक्रेत्याला कळवलं. त्याने नाकारलं नाही! ‘चुकून जुनी आवृत्ती गेली, दुरुस्त फाइल उद्या पाठवतो.’ असे ‘उद्या’ अकरा दिवस चालले, मग फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी गेले? लगेच कळवलं असतं तर खात्यात अडवता आले असते. ते अकरा दिवस त्याने त्यासाठीच काढले, हे मला तेव्हा उमगलं. पैसे आलेले नाहीत.

जुन्या बोटीचं मॉडेल घेणार असाल तर पाण्यावरची रंगवलेली चित्रं बघून पैसे देऊ नका. रंग काढलेली, आकाराच्या रेषांची नुसती जाळी मागा आणि पाण्याखालचा भाग मागच्या बाजूने दाखवायला सांगा. जहाज चाकांचं की पंख्याचं, ते तिथे लपत नाही. नकाशे कुठल्या संग्रहातले, त्यांचा क्रमांक काय, हेही विचारा. खरं काम करणारा माणूस हे आपणहून सांगतो, थांबवलं तरी थांबत नाही.

गेल्या आठवड्यात तीच चित्रं पुन्हा दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, जहाजाचं नाव ‘असई’, किंमत २२,०००. डाव्या बाजूने, किंचित पुढून घेतलेलं दृश्य, आभाळ तांबूस आणि मधल्या डोलकाठीवर निळा झेंडा. हे चित्र तुमच्यासमोर आलं, तर पैसे पाठवू नका.