पीसीओएस असताना ओव्ह्युलेशन स्ट्रिप आणि बेसल थर्मामीटर : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी मत सांगते, मग कारणं. ज्यांची पाळी वेळच्या वेळी येते त्यांनी ओव्ह्युलेशन स्ट्रिप (स्त्रीबीज सुटण्याची वेळ ओळखायची लघवीची घरगुती चाचणी) बिनधास्त वापराव्यात. ज्यांना पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) आहे त्यांनी मात्र एकट्या स्ट्रिपवर विसंबू नये. सोबत बेसल थर्मामीटर (शरीराचं विश्रांतीतलं तापमान मोजणारा) ठेवावा, दोन्हींची नोंद करावी आणि ती घेऊन लवकर डॉक्टरांकडे जावं. बाळासाठी प्रयत्न करताना वर्षाहून जास्त काळ मी दोन्ही वापरतेय. माझी पाळी कधी सव्वा महिन्याने येते, कधी दोन-दोन महिने तिचा पत्ता नसतो, त्यामुळे माझा अनुभव माझ्यासारख्यांना जास्त उपयोगी पडेल.

स्ट्रिप लघवीतलं एलएच हे संप्रेरक मोजते. स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या साधारण 24 ते 36 तास आधी हे एकदम वाढतं, आणि ती वाढ स्ट्रिपवर दिसते. पॉझिटिव्ह आली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्रयत्न करायचा, एवढंच बहुतेक पाकिटांवर लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. 1995 मध्ये अ‍ॅलन विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांचा 221 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गर्भ राहिला तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच अशा सहा दिवसांतल्या संबंधांतूनच. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, स्त्रीबीज मात्र फार तर एक दिवस. म्हणजे स्ट्रिप पॉझिटिव्ह होईपर्यंत त्या सहांतले बरेचसे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून रेष गडद व्हायची वाट बघत बसू नये. तो काळ जवळ आलाय असं वाटलं की एक दिवसाआड सुरुवात करावी, स्ट्रिपने फक्त शेवटचा टप्पा पक्का करावा.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण बारकावे आहेत. सकाळची पहिली लघवी गर्भधारणेच्या चाचणीसाठी चांगली, या चाचणीसाठी दुपारची बरी, कारण एलएचची वाढ बऱ्याचदा पहाटे सुरू होते आणि लघवीत उतरायला तिला काही तास लागतात. त्याआधी दोनेक तास भरपूर पाणी पिऊ नये, नाहीतर रेष उगाच फिकी येते. स्ट्रिप आडव्या खुणेपर्यंतच बुडवायची, कोरड्या जागी सपाट ठेवायची आणि सांगितलेल्या वेळेतच वाचायची. तशीच पडून राहिली तर सुकताना रेष गडद होते आणि बघणाऱ्याची फसगत होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गर्भधारणेच्या चाचणीत पुसटशी दुसरी रेषही मोजली जाते, इथे ती मोजायची नाही. चाचणीची रेष कंट्रोलच्या (स्ट्रिपवर नेहमीच उमटणाऱ्या) रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह. मी प्रत्येक स्ट्रिप वहीत तारखेसमोर चिकटवत गेले. एकेकटी बघताना "आहे की नाही?" असं होतं, पण ओळीने लावल्या की रंग चढताना आणि उतरताना स्वच्छ दिसतो.

आता पीसीओएसचं. आमच्यातल्या अनेकींचं एलएच मुळातच चढं असतं. त्यातून फॉलिकल (अंडाशयातली बीज वाढवणारी पिशवी) वाढायला लागतं, मध्येच थांबतं, काही दिवसांनी दुसरं प्रयत्न करतं. माझ्या वहीत एका महिन्याचं पान असं आहे : गडद, गडद, फिकी, पुन्हा गडद, मग आठवडाभर काही नाही, मग परत गडद. यातली खरी कोणती? स्ट्रिप सांगू शकत नाही. स्टेशनवर घंटा वाजली म्हणून गाडी सुटलीच असं होत नाही, आणि स्ट्रिप फक्त घंटा ऐकते. बऱ्याच पाकिटांच्या माहितीपत्रकात पीसीओएस असल्यास निकाल दिशाभूल करू शकतो असं लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की हातात पाकीट असूनही ते नजरेतून सुटतं. ही सूचना वरच, ठळक हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या 10 ते 13 टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना निदानच मिळालेलं नसतं. आपल्याला हा त्रास आहे हे माहीत नसलेली बाई महिनोन्‌महिने या गडद रेषांवर आशा लावून बसते, याचं मला फार वाईट वाटतं.

काही महिने डिजिटल प्रकारही वापरला. वाचायला सोपा, रेषांची तुलना करावी लागत नाही. पण एलएचच मोजत असल्याने अडचण तीच राहिली.

खरा फरक पडला तो थर्मामीटरने. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि शरीराचं विश्रांतीतलं तापमान साधारण 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर जातं, पाळी येईपर्यंत वरच राहतं. एवढा छोटा फरक टिपायचा तर दशांशानंतर दोन अंक दाखवणारा बेसल थर्मामीटर लागतो, तापाचा नेहमीचा चालत नाही. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, उठून बसायच्या आधी, कुणाशी बोलायच्याही आधी तो जिभेखाली धरायचा. उशाशी ठेवावा लागतो, कारण तो आणायला उठलात की त्या दिवसाचा आकडा गेला. जागरण, ताप, प्रवास यांनी आकडे हलतात, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. सलग तीन दिवस आधीच्या सहा दिवसांपेक्षा वर राहिले, तर बीज सुटलं असावं असं मानतात.

म्हणजे थर्मामीटर वेळ निघून गेल्यावर सांगतो. मग उपयोग काय? ज्यांची पाळी लांबते त्यांनाच तो कळेल. पूर्वी पाळी पुढे गेली की मी रोज सकाळी "राहिले का?" या एका विचाराने उठायचे, चाचणी करायचे, एक रेष बघायचे, चार दिवसांनी पुन्हा. आता आलेख बघते. तापमान चढलेलंच नसेल तर बहुधा बीजच सुटलेलं नाही, आणि त्या दिवशी गर्भधारणेची चाचणी करून सहसा काही हाती लागणार नाही. चढलेलं असेल आणि अठरा-एकोणीस दिवस वरच टिकलं असेल, तर चाचणी करायला खरंच कारण आहे. अधल्यामधल्या निराशेचे कितीतरी दिवस यामुळे माझ्या आयुष्यातून कमी झाले. हा फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो. मला मात्र तोच सगळ्यात मोठा वाटतो.

दुसरा फायदा दवाखान्यात झाला. प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी "एकविसाव्या दिवशी" करा असं सर्रास लिहून देतात. तो एकविसावा दिवस 28 दिवसांच्या पाळीचा आहे. तपासणी हवी असते ती बीज सुटल्यानंतर साधारण सात दिवसांनी, आणि माझ्यासारखीला एकविसाव्या दिवशी बीज सुटलेलंही नसतं. मलाही एका ठिकाणी तसंच लिहून मिळालं होतं, अहवाल अर्थातच कमी आला आणि आम्ही दोघं हादरलो. पुढच्या डॉक्टरांनी आलेख बघून तापमान चढल्यानंतरचा दिवस धरला, तेव्हा कळलं की त्या महिन्यात बीज सुटलं होतं. पाळी अनियमित असेल तर तपासणीची तारीख ठरवताना हे आवर्जून विचारा.

थर्मामीटरलाही मर्यादा आहे. कधीकधी फॉलिकल फुटत नाही, बीज आतच राहतं, तरी प्रोजेस्टेरॉन तयार होतं आणि तापमानही चढतं. फॉलिकल वाढलं का आणि फुटलं का, हे सोनोग्राफीतच दिसतं, ज्याला सगळे फॉलिक्युलर स्टडी म्हणतात. शिवाय बीजवाहक नळ्या बंद आहेत का, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) आहे का, थायरॉइड बिघडलंय का, यातलं काहीच घरातल्या साधनांना कळत नाही.

आणि शुक्राणूंचं काय? बाई रोज लघवी तपासतेय, तापमान घेतेय, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झालेलीच नाही, अशी जोडपी मी प्रतीक्षाकक्षात खूप बघितली. ती तपासणी सगळ्यात सोपी, इजा न करणारी, आणि सगळ्यात शेवटी होते. माझा नवरा पहिल्याच भेटीत स्वतःहून गेला, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत शुक्राणूंच्या संख्येची खालची मर्यादा दर मिलिलिटरला 1.6 कोटी आहे. आकडा त्याखाली आला म्हणजे दारं बंद झाली असं मुळीच नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे तंबाखू सोडली किंवा औषध सुरू केलं तरी फरक तीनेक महिन्यांनी दिसतो.

मनावर होणाऱ्या परिणामाबद्दलही लिहायला हवं. रेष गडद झाली की दोघांवर ताण येतो, जवळीक वेळापत्रकात बसवावी लागते, आणि थकून आलेल्या माणसाला "आजच" म्हणणं दोघांनाही जड जातं. आम्ही ठरवलं की स्ट्रिपचा निकाल माझ्यापाशी राहील, आणि त्या आठवड्यात एक दिवसाआड एवढंच दोघांनी लक्षात ठेवायचं. तापमान चढल्याची खात्री झाली की मी पुढचे काही दिवस थर्मामीटर हातात घेत नाही. तेवढी सुट्टी मनाला लागते.

किती काळ घरीच प्रयत्न करावा? 35 च्या आत वय असेल तर एक वर्ष, 35 नंतर सहा महिने असं सांगतात. पण पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. वही घेऊन सरळ जा. पीसीओएसमध्ये बीज तयार होण्यासाठीची औषधं चांगली आहेत. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 750 स्त्रियांच्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के जणींना जिवंत बाळ झालं, क्लोमिफेन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के जणींना.

सध्या माझंही लेट्रोझोल चालू आहे, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली. दोनदा स्ट्रिप आणि सोनोग्राफी एकमेकींशी जुळल्या, पान पूर्वीपेक्षा बरंच स्वच्छ दिसतंय. औषधांवर असणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. क्लोमिफेनच्या शेवटच्या गोळीनंतर लगेच स्ट्रिप वापरली तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून किमान तीन दिवस जाऊ द्यावेत. आणि बीज सुटण्यासाठी एचसीजीचं (गर्भधारणेच्या चाचणीत मोजतात त्याच संप्रेरकाचं) इंजेक्शन दिलं असेल तर त्यानंतर स्ट्रिपही गडद येते आणि गर्भधारणेची चाचणीही, कारण शरीरात ते इंजेक्शनच फिरत असतं. पहिल्यांदा इंजेक्शन घेतलेल्या एका मैत्रिणीला हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन आठवडे होईपर्यंत घरी चाचणी करू नका, आणि डॉक्टरांनी बीटा एचसीजीची तारीख दिली असेल तर रक्ततपासणी त्याच दिवशी करा.