ल्युमिनॉल की ग्लो स्टिक?

विज्ञानाच्या एका तासात वर्गाला थक्क करायचं असेल तर ल्युमिनॉल, म्हणजे अभिक्रियेतून उजेड देणारं रसायन. महिनाभराचा प्रकल्प करायचा असेल तर मी ग्लो स्टिकच निवडेन, म्हणजे वाकवली की उजळणारी प्लास्टिकची कांडी.

ल्युमिनॉलचं दृश्य विसरता येत नाही. अंधाऱ्या खोलीत त्याच्या अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि किंचित मोरचूद पडलं, की चंचुपात्रात निळा उजेड उसळतो. पण तो लवकर विझतो, मोजमाप घ्यायला फारशी सवड मिळत नाही. गॉगल आणि हातमोजे तर हवेतच.

ग्लो स्टिक वाकवली की कट्‌कन आतली काचेची नळी फुटते. पेरॉक्साइड ऑक्झलेट एस्टर या दुसऱ्या रसायनात मिसळतं, सुटलेली ऊर्जा रंगद्रव्याला मिळते. उजेडाचा रंग त्या रंगद्रव्यावर ठरतो. इथे विद्यार्थ्याला स्वतःचा प्रश्न विचारता येतो, म्हणून ती मला प्रिय. एकसारख्या दोन कांड्या एकदमच वाकवा. एक बर्फाच्या पाण्यात, दुसरी 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवा, आणि ठरावीक वेळाने एकाच अंतरावरून फोटो काढा. गरम पाण्यातली लख्ख उजळते, पण लवकर मंदावते. थंड पाण्यातली मिणमिणत कितीतरी जास्त वेळ टिकते. तापमानाने अभिक्रियेचा वेग बदलतो, हे चक्क डोळ्यांना दिसतं! कांडी कापून मात्र बघू नका, आत फुटकी काच असते.